वज्राची प्रतिरूपे



कारखान्यांच्या फाटकांवर ज्याचे आयुष्य गेले त्याने हिऱ्यांवर व्याख्यान द्यावे, हे पुष्कळांना चमत्कारिक वाटेल. आमच्या घरात हिरा नव्हता आणि नाही. जवाहिऱ्याच्या पेढीची पायरी आम्ही चढलो असू ती वर्गणी मागायला, नाहीतर तेथल्या नोकरांचे गाऱ्हाणे घेऊन. शाळाही आम्हाला बेताचीच लाभली. जे काही वाचले ते रात्री, वाचनालयातून आणलेल्या पुस्तकांतून. परंतु तीस वर्षांच्या चळवळीत एक गोष्ट आम्ही वारंवार पाहिली. संप लांबला किंवा टाळेबंदी झाली की पहिल्या महिन्यात वाण्याची उधारी वाढते आणि दुसऱ्या महिन्यात घरातला दागिना सराफाकडे जातो. त्या तराजूपाशी जे घडते त्यामुळे आम्हाला या विषयाचा नाद लागला.

काय घडते? बाई कानातल्या कुड्या काढून देते. सराफ प्रथम खडे उपसून बाजूला ठेवतो. हे झाले ‘खडा वजा’. मग सोने कसोटीवर घासून त्याचा कस पाहतो, डाखाची म्हणून तूट धरतो, आणि उरलेल्या वजनाला मोडीचा भाव लावतो. दागिना घेताना जी घडणावळ मोजून दिली होती तिचे नावही निघत नाही. हे झाले ‘घडणावळ वजा’. ज्या दोन गोष्टींमुळे सोन्याच्या तुकड्याचा दागिना झाला, त्या दोन्ही मोडीच्या हिशेबात शून्य. आणि कधी कधी याहून वाईट होते. सराफ खडा डोळ्यांजवळ नेतो आणि म्हणतो, “वहिनी, हा हिरा नव्हे.” सासूने दिलेल्या, तिच्या सासूकडून आलेल्या कुड्या! आम्ही एका बाईला त्या वेळी पाहिले आहे. पैसे कमी मिळाले याचे तिला दुःख नव्हते; सासूबाई फसल्या होत्या की सासूबाईंनी आपल्याला फसवले, हे आता कोणाला विचारायचे, याचे होते.

दिवेआगरच्या मंडळींना मोडीचा हिशेब आम्ही शिकवण्याची गरज नाही. तो या गावाने फार जबर किंमत देऊन शिकला आहे. नोव्हेंबर १९९७ मध्ये येथल्या सुपारीच्या बागेत तांब्याची पेटी सापडली आणि तिच्यातून श्रीगणेशाचा सोन्याचा मुखवटा व काही अलंकार निघाले. पुढे चौदा वर्षे त्या मुखवट्याच्या दर्शनाला सारा महाराष्ट्र लोटला. मार्च २०१२ मध्ये दरोडा पडला, मंदिराचे दोन रखवालदार जिवानिशी मारले गेले, मुखवटा गेला. पुढे पोलिसांनी गुन्हेगार पकडले, २०१७ मध्ये न्यायालयाने शिक्षाही दिल्या. परंतु तोवर मुखवटा मुशीत वितळला होता. हाती आले ते सोने. सोने तेच होते, मुख नव्हते. शिल्पकाराच्या हातांनी त्या पत्र्यावर जे उमटवले होते त्याची मोड करणाऱ्याच्या लेखी किंमत काडीचीही नव्हती. २३ नोव्हेंबर २०२१ रोजी, अंगारकीच्या दिवशी, नव्या मुखवट्याची प्रतिष्ठापना झाली आणि लोक त्याच्यापुढे त्याच भावनेने हात जोडतात. तेव्हा खरे कशाला म्हणावे, द्रव्याला की घडणीला, हा प्रश्न या गावात निव्वळ तात्त्विक नाही. सोन्याच्या देवघेवीशी या गावाचा संबंधही जुना आहे. शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा दिवेआगरचा ताम्रपट मराठीच्या अगदी जुन्या कोरीव लेखांत गणला जातो, आणि त्याचा विषय सोन्याचा व्यवहार हाच आहे.

आता हिऱ्याकडे वळू.

खोटा हिरा ही विलायतेहून आलेली आधुनिक लबाडी आहे, अशी आपली समजूत असते. वस्तुतः तो आपल्याकडे खऱ्या हिऱ्याइतकाच जुना आहे, आणि ते स्वाभाविकही आहे. कारण अठराव्या शतकाच्या आरंभी ब्राझीलमध्ये हिरे सापडेपर्यंत जगाला हिरे पुरवणारा देश मुख्यतः हिंदुस्थान होता. जेथे माल तेथे नक्कल. रत्नपरीक्षेवरचे आपले संस्कृत ग्रंथ प्रसिद्ध आहेत. गरुडपुराणातही रत्नपरीक्षेचा भाग आहे, आणि त्यात वज्राची, म्हणजे हिऱ्याची, नक्कल कशाकशाची करतात याची यादी दिली आहे: लोखंड, पुष्कराज, गोमेद, वैडूर्य, स्फटिक आणि निरनिराळ्या प्रकारची काच. नक्कल करणाऱ्यांना ग्रंथकार चोर म्हणत नाही, कुशल लोक म्हणतो. आणि नकलेला ‘प्रतिरूप’ असा सभ्य शब्द वापरतो. आम्हाला हा शब्द ‘खोटा’ या शब्दापेक्षा अधिक प्रामाणिक वाटतो, म्हणून तोच आम्ही शीर्षकात घेतला. परीक्षेचे उपायही तेथे सांगितले आहेत: क्षाराने पाहावे, ओरखडून पाहावे, साणेवर धरून पाहावे. यांतला ओरखड्याचा उपाय आजच्या शास्त्रालाही मान्य आहे. हिऱ्यावर हिऱ्यावाचून दुसऱ्या खड्याचा ओरखडा उठत नाही.

परंतु दुसरी एक परीक्षा लोकांच्या तोंडी फार बसली आहे, ती मात्र घातक आहे. खरा हिरा ऐरणीवर ठेवून घण मारला तरी फुटत नाही, ही ती समजूत. संतांनी दृष्टांतासाठी ती घेतली, आणि दृष्टांत म्हणून ती शोभतेही. व्यवहारात मात्र तिचा प्रयोग कोणी करू नये. कठीण असणे वेगळे आणि चिवट असणे वेगळे. हिरा ओरखड्याला दाद देत नाही, पण त्याच्या अंगात फुटण्याच्या ठराविक दिशा असतात. त्या दिशेने घाव बसला की तो सुपारीसारखा दुभंगतो. खाणीतला हिरा फोडून त्याचे भाग करणारे कारागीर याच गुणाचा उपयोग करीत आले. या एका समजुतीपायी जगात किती खरे हिरे खोटे ठरून चूर झाले असतील, देव जाणे.

युरोपात प्रतिरूपांना मोठे दिवस आले ते शिशाच्या काचेमुळे. १६७४ मध्ये इंग्लंडात जॉर्ज रेव्हन्सक्रॉफ्ट याने काचेत शिसे मिसळण्याची युक्ती काढली. शिशाने काच जड होते, मऊ होते आणि प्रकाश अधिक वाकवते. म्हणजे अधिक चमकते. पुढे पॅरिसमध्ये जॉर्ज फ्रेडरिक स्ट्रास नावाच्या सोनाराने अशा काचेचे खडे हिऱ्यासारखे पैलू पाडून विकायला काढले. १७३४ मध्ये तो राजाचा जवाहिर झाला. ध्यानात घेण्यासारखी गोष्ट अशी की स्ट्रास आपले खडे हिरे म्हणून विकत नसे. ते काचेचे आहेत हे सर्वांना ठाऊक होते आणि तरी दरबारातल्या स्त्रिया ते घालीत. त्याचे नावच त्या खड्याला पडले. युरोपातल्या कित्येक भाषांत अजून त्याला स्ट्रास म्हणतात. १८९२ मध्ये डॅनियल स्वारोव्स्की याने काच कापण्याच्या विजेच्या यंत्राचे पेटंट घेतले, तेव्हा हाताने दिवसभर जेवढे खडे पडत त्याच्या कितीतरी पट पडू लागले. आपल्याकडच्या नाटक कंपन्यांतले राजे आणि राण्या असल्याच खड्यांवर झळकल्या. शिशाच्या भट्टीवर काम करणाऱ्यांच्या अंगात ते शिसे भिनते, हे वाक्य मात्र दागिन्यांच्या पुस्तकांत आम्हाला फारसे सापडले नाही. ते वैद्यकाच्या पुस्तकांत सापडते.

आपल्या आज्या ज्याला ‘जर्कन’ म्हणत तो खडा वेगळा. तो भुईतून निघणारा नैसर्गिक खडा आहे. सिंहलद्वीपात मातर या गावाच्या परिसरात मिळणारे पांढरे जर्कन पूर्वी ‘मातरचे हिरे’ म्हणून खपत. कुडीत, अंगठीत ते बसवीत आणि पुष्कळ घरांत हिरे म्हणूनच पुढच्या पिढीला देत. खडा खरा, फक्त नाव दुसऱ्याचे. पूर्वी सांगितलेल्या त्या बाईच्या कुड्यांत बहुधा हेच खडे असावेत असे आम्हाला पुढे वाटले.

विसाव्या शतकात नक्कल काचेवरून स्फटिकावर गेली. १९०२ मध्ये फ्रान्सच्या ऑग्यूस्त व्हेर्नय या रसायनशास्त्रज्ञाने माणिक तयार करण्याची रीत प्रसिद्ध केली. ॲल्युमिनाची बारीक भुकटी ऑक्सिजन आणि हायड्रोजनच्या ज्योतीतून खाली सोडायची. ती दोन हजार अंशांच्या वर तापून वितळते आणि खालच्या दांड्यावर थेंबाथेंबाने साचत स्फटिक वाढतो. त्यात क्रोमियम घातले की माणिक, काहीच न घातले की पांढरा नील. हा पांढरा नील आणि त्याच रीतीने केलेला पांढरा स्पिनेल हे बराच काळ हिऱ्याच्या जागी चालले. सभागृहातल्या वडील मंडळींपैकी काहींच्या मनगटावर अजून एचएमटीचे जुने घड्याळ असेल. त्याच्या तबकडीवर ‘१७ ज्युवेल्स’ असे लिहिलेले असते. ती सतरा रत्ने म्हणजे चाकांच्या आसांखाली बसवलेली, भट्टीतून निघालेली माणके होत. कोणी त्यांना खोटी म्हटले नाही, कारण ती मिरवायला नव्हती, झिजायला होती.

खुद्द हिरा माणसाने केला तो १६ डिसेंबर १९५४ रोजी, अमेरिकेत, जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेत. (स्वीडनच्या एका कंपनीने त्याच्या आदल्याच वर्षी ही गोष्ट साधली होती, पण गुप्त ठेवली.) हिरा म्हणजे कोळसाच, हे अठराव्या शतकाच्या अखेरीस सिद्ध झाले होते, अडचण दाबाची होती. पृथ्वीच्या पोटात शंभर-दीडशे किलोमीटर खोल जो दाब असतो तो यंत्रात आणायचा, आणि वर दीड हजार अंशांच्या घरातले तापमान. हे यंत्र ट्रेसी हॉल नावाच्या संशोधकाने रचले. कंपनीला त्यातून अमाप पैसा मिळाला. हॉल यांनी पुढे सांगितले की बक्षीस म्हणून त्यांच्या हाती पडले ते दहा डॉलरचे बचतपत्र. पुढच्याच वर्षी ते नोकरी सोडून विद्यापीठात गेले, आणि आपलेच जुने यंत्र वापरता येईना म्हणून त्यांनी वेगळ्या रचनेचे दुसरे यंत्र काढले. कंपनीचे नाव सर्व पुस्तकांत असते. या बचतपत्राचा उल्लेख थोड्यांत असतो.

ते हिरे बारीक आणि मळकट होते, दागिन्याच्या कामाचे नव्हते. ते गेले कारखान्यात, पाती आणि साणा करायला. दागिन्यात जडवण्याजोगा मोठा हिरा त्याच कंपनीने १९७० मध्ये केला, पण तो खाणीतल्या हिऱ्याहून महाग पडला. त्यामुळे पुढली तीस-पस्तीस वर्षे बाजार चालला तो प्रतिरूपांवरच.

येथे थोडे थांबून आपल्या देशातली, या खड्यांच्या शेजारची एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण दागिन्याचा इतिहास सांगणारे ती बहुधा गाळतात. चीनशी युद्ध झाल्यानंतर, जानेवारी १९६३ मध्ये केंद्र सरकारने सुवर्णनियंत्रण जारी केले. अर्थमंत्री मोरारजी देसाई होते. चौदा कॅरटहून अधिक कसाचा नवा दागिना घडवण्यास बंदी झाली. हेतू असा की सोन्याची आयात आणि चोरटा व्यापार थांबावा. चौदा कॅरटच्या सोन्यात तांब्याचे आणि चांदीचे प्रमाण इतके की ते सोनाराच्या हातोडीला आणि गिऱ्हाइकाच्या मनाला दोन्हीला कठीण. शुद्ध सोन्याच्या कोंदणात खडा दाबून बसवता येतो. त्या मिश्र धातूत जुन्या हातांना ते जमेना. गावोगावच्या सोनारांच्या शेगड्या विझल्या. कित्येकांनी जीव दिले. त्या बातम्या त्या काळच्या वर्तमानपत्रांत आहेत. १९६६ मध्ये चौदा कॅरटची अट उठली, १९६८ मध्ये स्वतंत्र कायदा झाला आणि तो १९९० मध्ये रद्द झाला. सत्तावीस वर्षे! आमच्या ओळखीचे एक वृद्ध सोनार होते. त्या नियमानंतर ते मुंबईला येऊन एका कारखान्यात हमालीला लागले आणि तेथेच म्हातारे झाले. त्यांची फुंकणी आणि सांडशी घरात टांगलेली होती. सोन्याची चोरटी आयात त्या नियमाने थांबली नाही, हे सर्वांना ठाऊक आहे. थांबला तो फुंकणीचा वारा. सोनाराला तेव्हा कामगार म्हणावे की धंदेवाला, या वादात आमच्या चळवळीनेही त्यांची बाजू जितकी घ्यायला हवी होती तितकी घेतली नाही, असे आमचे मत आहे.

आता ज्या खड्याने घराघरांत प्रवेश केला त्याची हकीकत. १९७३ मध्ये मॉस्कोच्या लेबेदेव भौतिकी संस्थेतल्या संशोधकांनी झिर्कोनियम नावाच्या धातूच्या भस्मापासून स्वच्छ, पांढरे, मोठे स्फटिक वाढवण्याची रीत प्रसिद्ध केली. ते भस्म वितळते पावणेतीन हजार अंशांच्या आसपास. एवढ्या उष्णतेला टिकेल असे भांडे आणायचे कोठून? त्यांनी तोड अशी काढली की भांडे त्या भुकटीचेच. तांब्याच्या नळ्यांचा एक पिंजरा, नळ्यांतून गार पाणी खेळते. आत भुकटी भरून तिला उच्च कंपनांच्या विजेने तापवायचे. मधली भुकटी वितळते, नळ्यांलगतची गार राहून तिचे कवच बनते. भात लागला की टोपाच्या तळाशी खरवड धरते ना, तशी ही खरवड. फरक एवढाच की येथे खरवड हाच टोप. मग हळूहळू निववले की आत स्फटिक उभे राहतात. त्या संस्थेच्या नावाच्या आद्याक्षरांवरून रशियात या खड्याला फियानाइट म्हणतात. त्याची कच्ची धातू जर्कनच्या वाळूतून मिळते, आणि ती वाळू आपल्याच पश्चिम किनाऱ्यावर केरळात चवऱ्याला समुद्र आणून टाकतो.

हाच आपला ‘अमेरिकन डायमंड’. आता पाहा, जन्म मॉस्कोचा, वाळू केरळची असू शकेल, आणि नाव अमेरिकेचे! आणि हिरा तर तो नव्हेच. त्यात कोळशाचा कणही नाही. पण बाजाराला ठाऊक होते की आपल्या लोकांच्या कानाला ‘अमेरिकन’ हा शब्द चोख वाजतो. पुढे त्याचे ‘एडी’ झाले. आज आपल्या लग्नांत नवरीच्या अंगावर जे झगमगते त्यातला मोठा भाग एडीचा असतो, आणि त्यात आम्हाला काही वावगे दिसत नाही. जी चमक पूर्वी संस्थानिकांच्या तिजोरीत होती ती गिरणीकामगाराच्या आणि कोळ्याच्या मुलीला चारशे-पाचशे रुपयांत मिळाली. यात देशाचे नुकसान कोणते? ती मुलगी फसलेली नाही, तिला ठाऊक आहे. फसते ती तीच कुडी हिऱ्याची म्हणून घेणारी.

ओळखावे कसे, असे व्याख्यानानंतर हमखास विचारतात, म्हणून आधीच सांगतो. एडीचा खडा त्याच आकाराच्या हिऱ्याहून दीडपटीहून अधिक जड असतो. त्यातून रंगांच्या ठिणग्या हिऱ्याहून जास्त निघतात. फार सप्तरंगी दिसला की शंका घ्यावी. तो हिऱ्याइतका कठीण नाही, वापराने त्याच्या पैलूंच्या कडा बोथट होतात. हिरा उष्णता फार वेगाने वाहून नेतो, म्हणून त्यावर फुंकर घातली तर वाफेचा डाग क्षणात उडतो, काचेवर आणि एडीवर रेंगाळतो. सराफाकडचे टोचून पाहण्याचे छोटे यंत्र याच गुणावर चालते. परंतु १९९८ पासून बाजारात मॉइसनाइट म्हणून एक खडा आला. तो उष्णतेच्या बाबतीत हिऱ्यासारखाच वागतो आणि ते यंत्र फसते. अशा खड्यातून भिंगाने पाहिले तर मागच्या पैलूंच्या कडा दुहेरी दिसतात.

आणि आता याही परीक्षा संपल्या आहेत. कारण गेल्या दहा-पंधरा वर्षांत प्रयोगशाळेतला खराखुरा हिराच स्वस्त झाला. दाबाच्या यंत्रात, किंवा मिथेन वायूतून हिऱ्याच्या पातळ चकतीवर थरावर थर चढवून तो वाढवतात. तो प्रतिरूप नव्हे; तो हिराच, कोळशाचाच, तितकाच कठीण, तितकाच तेजस्वी. डोळ्याने, भिंगाने, फुंकरीने, कशानेही तो ओळखत नाही; त्याला प्रयोगशाळेतलीच मोठी यंत्रे लागतात. २०१८ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने हिऱ्याच्या व्याख्येतून ‘नैसर्गिक’ हा शब्दच काढून टाकला. २०२३ च्या अर्थसंकल्पात आपल्या सरकारने या हिऱ्यांच्या संशोधनासाठी एका आयआयटीला अनुदान जाहीर केले, आणि त्याच वर्षी आपल्या पंतप्रधानांनी अमेरिकेच्या अध्यक्षांच्या पत्नीला साडेसात कॅरटचा असा हिरा भेट दिला. दहा वर्षांपूर्वी हा हिरा खाणीतल्या हिऱ्याहून थोडाच स्वस्त होता. आज तो त्याच्या एक-पंचमांश किमतीतही मिळतो.

ग्राहकाच्या दृष्टीने ही चांगली बातमी. पण ज्या घरांत दागिना हीच पतपेढी आहे त्या घरांनी एक गोष्ट पक्की समजून घ्यावी. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात या पट्ट्यातल्या सुपारीच्या बागा आडव्या झाल्या. सुपारीचे रोप लावल्यापासून उत्पन्नाला येईपर्यंत काही वर्षे जातात. मधल्या काळात कित्येक घरांत हात दागिन्यांकडे वळला. त्या वेळी कामाला आले ते सोन्याचे निव्वळ वजन. काच असो, एडी असो, प्रयोगशाळेतला हिरा असो की खाणीतला बारीक हिरा, मोडीच्या तराजूवर तो वजा. फार मोठा, प्रमाणपत्र असलेला हिरा सोडला तर खाणीतल्या हिऱ्यालाही दुकानात दिलेली किंमत परत मिळत नाही. म्हणून दागिना घेताना पावतीवर सोन्याचे निव्वळ वजन आणि खड्याचे वजन वेगळे लिहून घ्यावे. नाहीतर एडीचा खडा सोन्याच्या भावाने विकत घेतला असे होते, आणि तसे पुष्कळदा झाले आहे. जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने हॉलमार्क सक्तीचा झाला आहे, आणि हॉलमार्कच्या दागिन्याच्या पावतीवर निव्वळ वजन लिहिणे दुकानदारावर बंधनकारक आहे. खड्याचे नावही पूर्ण लिहून घ्यावे. नुसते ‘डायमंड’ किंवा ‘स्टोन’ लिहून दिले तर पावती परत करावी. यात भीड धरण्याचे कारण नाही. सराफ आपल्या घरचा असला तरी नाही.

खड्याचे असे झाले. घडणावळीचे काय?

पैलूंचा हिशेब सांगतो. नेहमीच्या गोल हिऱ्याला सत्तावन्न पैलू असतात. खाणीतला असो वा प्रयोगशाळेतला, ते सत्तावन्न पैलू माणूसच पाडतो किंवा माणसाच्या देखरेखीखाली यंत्र पाडते. त्र्यंबकेश्वराचा म्हणून प्रसिद्ध असलेला नासक हिरा १८१८ मध्ये दुसऱ्या बाजीरावाच्या पाडावानंतर इंग्रजांनी नेला. लंडनच्या कारागिरांनी तो पुन्हा पैलू पाडून घडवला, आणि १९४० मध्ये न्यूयॉर्कला आणखी एकदा कापल्यावर तो ४३.३८ कॅरट उरला. पैलू चांगले पडले की वजन घटूनही किंमत वाढते, म्हणजे घडणावळ हिऱ्याच्या दरातच मुरलेली असते. फक्त ती घडवणाऱ्याच्या हाती पोचत नाही. अमेरिकन डायमंडचे खडे तिरुचिरापल्लीत आणि तिच्या आसपासच्या खेड्यांत घरोघरी घासले जात. तेथे मजुरी नगावर, आणि नगाचा दर चहाच्या पेल्याशी तोलावा इतका. खंबायतच्या अकीक घासणाऱ्यांची फुप्फुसे दगडाच्या धुळीने भरतात, हे डॉक्टरांनी लिहून ठेवले आहे. बेल्जममध्ये हिरे घासणाऱ्यांना घासण्याच्या चकत्यांतल्या कोबाल्टमुळे छातीचा विकार जडल्याचे दाखले आहेत.

जगातल्या दर दहा हिऱ्यांतले नऊ सुरतेत घासले जातात. तेथे हिरे घासणाऱ्याला ‘रत्नकलाकार’ म्हणतात. नाव फार गोड आहे. मात्र या कलाकारांपैकी पुष्कळांचे नाव हजेरीपटावर नसते. मजुरी नगावर, आणि भविष्यनिर्वाह निधी हा शब्द थोड्यांच्या कानी पडलेला. २००८ च्या मंदीत हजारो घंट्या बंद पडल्या. त्यानंतर रशियाच्या हिऱ्यांवरचे निर्बंध, अमेरिकेतली घटलेली मागणी आणि प्रयोगशाळेतल्या हिऱ्याची पडती किंमत असे तीन घाव एकापाठोपाठ बसले. ऑगस्ट २०२४ मध्ये तेथल्या एका फार मोठ्या पेढीने आपल्या सुमारे पन्नास हजार कामगारांना दहा दिवसांची सुटी दिली. माल उचलला जात नाही, हे कारण सांगितले.

त्यानंतर काही महिन्यांनी आम्ही सुरतेला गेलो होतो. मूळच्या खानदेशातल्या एका रत्नकलाकाराच्या खोलीवर मुक्काम होता. एका घंटीभोवती चौघे बसतात, त्यांतला तो एक. बावीस वर्षांची नोकरी, डाव्या डोळ्याला आता कमी दिसते. आम्ही त्याला विचारले, खाणीतला हिरा आणि भट्टीतला हिरा घासताना हाताला फरक लागतो का? तो म्हणाला, “भाऊ, हिरा पुडीत येतो, पुडी मालकाकडून येते. पुडीवर काय लिहिलंय ते आम्हाला दाखवत नाहीत. दर सांगतात.” दर किती, असे विचारल्यावर त्याने दोन आकडे सांगितले, एक चार वर्षांपूर्वीचा आणि एक आताचा. आताचा लहान होता. त्याने आपल्या मुलाला या धंद्यात घातलेले नाही; तो वापीच्या एका कारखान्यात वायरमनच्या कामावर आहे, कंत्राटी.